वाट्याच्या विटा

"बांधली त्यांनी, आता भेगही त्यांनीच बुजवावी," लिफासीकाका एस्तेरेच्या कानाशी कुरकुरले. परदेशी संस्थेच्या देणगीतून उभी राहिलेली शाळा मलावीतलं ते अख्खं गाव दहा पावलं लांबून बघत होतं. भिंतीच्या भेगेत कालपर्यंत बोट जायचं, आज मूठ जात होती.

आत पहिलीचा वर्ग खणखणीत आवाजात आकडे म्हणत होता. एस्तेरेची लेक नेमकी त्याच भिंतीला टेकून बसायची.

"त्यांचं सिमेंटच हलकं," मुखिया म्हणाले. "पत्र धाडू. उत्तर येईतो वर्ग चालू दे." सगळ्यांनी माना डोलावल्या, भिंतीला हात लावायला मात्र कुणी पुढे होईना.

शेवटी एस्तेरेच गेली. तिनं वीट नखानं खरवडली, तर नुसता भुगाच हातात आला. ती तशीच मागे वळली.

"काका, आधी पोरं बाहेर काढा!" ती ओरडली. "सिमेंट-पत्रे त्यांचे, विटा गावाच्या, असं ठरलं होतं ना? भट्टीतल्या पक्क्या विटा आपण आपापल्या घरांना लावल्या आणि कच्च्या इथं दिल्या. मीसुद्धा."