नसेल तर आपलं

वेबसाइट उघडली की नुसतं पांढरं पान येत होतं. हिंगोलीच्या दवाखान्यात रुक्माबाईंना ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं आणि रक्तदात्यांची यादी त्या पानामागं अडकली होती. दीडशे गावांच्या दीडशे फायली. हातानं धुंडाळायच्या तर दुपार झाली असती.

अन्सार सर जवळा बाजार गावात कॉम्प्युटर क्लास चालवायचे, तेव्हा २०१० साली त्यांनी ती वेबसाइट बनवली होती. आता त्यांना पडद्यावरची अक्षरं नीट दिसत नव्हती. त्यांनी ऐश्वर्याला बोलावून घेतलं. ती त्यांची विद्यार्थिनी. पुण्यात वेबसाइट बनवायचंच काम करायची, सुटीत माहेरी आली होती.

दोष लगेच सापडला. काल सर्व्हरवर पीएचपीची, म्हणजे वेबसाइट लिहिली होती त्या भाषेची, नवी आवृत्ती आली होती. तिच्यातून दोन जुनी फंक्शनं, ठरावीक काम करून देणारे कोडचे तयार तुकडे, काढून टाकलेली, आणि सरांचा सगळा कोड त्यांच्यावरच उभा. हे सगळं टाकून नवं लिहू, असं ती म्हणाली. आत्ता रुक्माबाईचं काय, एवढंच सरांनी विचारलं.

मग तिनं आडवाट काढली. एक छोटी फाइल लिहायची: भाषेत फंक्शन असेल तर भाषेचं वापर, नसेल तर त्याच नावाचं आपलं. ती कुठं जोडायची हे बघायला तिनं सुरुवातीचा कोड उघडला. तिथं अशीच एक फाइल आधीपासून होती.

त्यात एकच फंक्शन होतं. ओळ तोडून नाव, गाव, रक्तगट वेगळं करणारं. भाषेत ते तेव्हाच्या नव्या आवृत्तीत आलं होतं. क्लासचा सर्व्हर मात्र जुना. वर सरांची टीप: 'नसेल तर आपलं. लिहिणारी ऐश्वर्या, अकरावी. तपासले, बराबर आहे.'

ती विसरूनच गेली होती. मग एकेक आठवत गेलं. तापलेले पत्रे, एका खुर्चीवर दोघी, गेलेली लाइट. ते फंक्शन तिनं आधी वहीत लिहिलं होतं आणि लाइट आल्यावर धावत जाऊन टाइप केलं होतं.

त्याच फायलीत खाली तिनं आजची दोन फंक्शनं लिहिली. यादी उघडली. वारंगा फाट्याच्या सोनाजीचा नंबर मिळाला, फोन लागला, तो हिंगोलीला निघाला.

मग ती जरा संकोचून म्हणाली, "सर, माझं जुनं फंक्शन काढते. पुढच्याच वर्षी सर्व्हर बदलला, त्यात भाषेचंच होतं, तेव्हापासून माझं एकदाबी चाललेलं न्हाई."

"माहीत हाय, बेटा," सर म्हणाले. "कैकदा काढायला बसलो. तुजं नाव वाचलं की फाइल बंद करून उठायचो."