रिकामी काठवट

तापातून उठून वर्ष झालं, तरी दाक्षायणीच्या अंगातला शीण जाईना. नुसती वेणी घालूनही तिला धाप लागे, आणि झोपून उठली की ती आणखीच दमलेली असे. डॉक्टरांना नाडीत काही सापडलं नाही. मग सासू पार्वतम्मा अख्ख्या बाळीवेस पेठेत सांगे, "सोंग हाय नुसतं."

त्या दुपारी गिरणीचा भोंगा झाला आणि स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज आला. "उठली की शेवटी!" म्हणत पार्वतम्मा खुशीत आत गेली.

चूल थंड होती. काठवट रिकामी होती. थापणं मात्र चालूच होतं, दाक्षायणीच्याच लयीत.

ती माजघरात धावली. सून डोळे मिटून पडली होती. हात निपचित, पण बांगड्यांत ओलं पीठ.

"झालंच, आत्याबाई," ती पुटपुटली. "थोड्याच राहिल्यात."

पार्वतम्मा परत जाऊन थंड चुलीपुढं बसली. रिकाम्या काठवटीवर हात पसरून हळूच म्हणाली, "पुरे की, बाळ. लई दमलीस. आण हिकडं, मी थापते."

आवाज थांबला. तिच्या तळहातावर पिठाचा ऊन गोळा आला, आणि मागोमाग, बांगड्या किणकिणत, एक दमलेला हात टेकला.