जानकीची हिरवी काकणं

“आणि त्याच पहाटे जानकीने इथे, या विहिरीत उडी टाकली,” गुरुप्रसाद म्हणाला आणि सवयीने थांबला. इथे थांबलं की माणसं हमखास विहिरीत वाकून बघतात. कोल्हापूरहून आलेल्या मंडळींनीही बघितलं.

“मड्डमेचे सोन्याचे डूल चोरले होते ना तिने. डूल शेवटपर्यंत सापडले नाहीत. पण अवसेला अजून इथे तिच्या काकणांचा आवाज येतो.”

खाडीवरचा हा बंगला मिठाच्या साहेबाने बांधलेला. साहेबाने काय केलं, तर मिठावरची जकात गोळा केली, पेन्शन घेतली आणि बोटीत बसून विलायतेला गेला. एवढाच इतिहास. तांबडी गुळगुळीत जमीन, सागवानी आरामखुर्च्या, मड्डमेचा पियानो, सगळं नव्या मालकाने डोळ्यांत तेल घालून जपलं होतं. पण खुर्च्या बघायला कोण मालवणचा समुद्र सोडून येतो? तेव्हा बंगला दाखवायची नोकरी धरल्यावर गुरुप्रसादने तिखटमीठ लावायला घेतलं. ओसरीवर एक जुना फोटो होता. मड्डमेचं बाळ कडेवर घेतलेली आया, खाली नाव, ‘जानकी, मसुरे’. फोटोत ती हसत नव्हती आणि तिचे हात बाळाच्या झबल्याआड गेले होते. गुरुप्रसादने तिला बंगला दणाणून सोडणारं हसू दिलं, हातभर हिरवी काकणं दिली, आणि गोष्टीला शेवट हवा म्हणून चोरी दिली. मेलेलं माणूस थोडंच भांडायला येतं!

“आता गाऱ्हाणं,” तो म्हणाला. “आमच्याकडे काही मागायचं असो की काही चुकलं असो, देवाला असं चारचौघांत मोठ्याने सांगतात. मी सांगणार, तुम्ही सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. जोरात हां!”

मंडळींनी हसत मोबाइल वर केले.

“रे झिला, वाईच थांब.”

घोळक्यामागून एक म्हातारी पुढे आली. वय ऐंशीच्या पुढचं, हातात कापडी पिशवी.

“तूच ना तो मोबायलातलो? नातवान दाखयल्यान तुका. मी सत्यवती. जानकी माझी आवस.”

जानकीची लेक! गुरुप्रसाद एक पाऊल मागे सरकला.

“मी रांगत हुतंय तेव्हा ती गेली. घरात कोण तिचा नाव काढी नाय. इचारलां तर तापान गेली म्हणत. आता कळला, कित्याक लपयत ता.” तिने पिशवीतून खण आणि नारळ काढला आणि दुसऱ्या हाताची मूठ उघडली. तळहातावर मोत्यांची कुडी होती. तिच्या कानांच्या पाळ्या नुकत्याच ओढून लाल झाल्या होत्या. “मड्डमेच्या सोन्याची फेड करूक इलंय. ह्या बावीत सोडतंय. मगे तरी माझ्या आवशीक सुटका मिळात. तूच गाऱ्हाणां घाल. तुझ्या तोंडात तिचा नाव बसलला आसा.”

तिला बाजूला घ्यावं, खुर्चीवर बसवावं, हळूच सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण ती पदर डोक्यावर घेऊन, हात जोडून उभीही राहिली होती. त्याला स्वतःची किळस आली. रोजचं गाऱ्हाणं खेळ म्हणून खपून जायचं. पण त्याचा आजा गावचा गाऱ्हाणं घालणारा, आणि गाऱ्हाण्यात खोटं बोललं तर जीभ झडते, हे आज्याने त्याला लहानपणीच सांगून ठेवलं होतं.

त्याने डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा! ह्या जाग्याच्या राखणदारा!”

“व्हय म्हाराजा!” कोल्हापूरकर गरजले.

“मसुऱ्याच्या जानकीन ह्या घरातली काडीसुद्दा चोरूक नाय!”

“व्हय म्हाराजा!”

“तिना उडी मारूक नाय! ह्या गुरुप्रसादान चार लोकांक भियावक तिका चोर केल्यान! सगळी गजाल खोटी! काय चुकला ता पदरात घे, आणि तिच्या लेकीच्या मनातला किटाळ काढून टाक!”

“व्हय म्हाराजा!”

टाळ्या पडल्या. आजीबाईंना मधे आणायची कल्पना फार छान, असं एका बाईंनी नवऱ्याला सांगितलं.

सत्यवतीने टाळी वाजवली नाही. तिची मूठ हळूहळू कुडीवर मिटली. आता ही आपल्या थोबाडीत मारणार, असं गुरुप्रसादला वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं. पण तिने कुडी पिशवीत टाकली.

“चोरी खोटी,” ती म्हणाली. “उडी खोटी. बरां झाला. सुटली ती.”

ती जायला वळली, दोन पावलं गेली, आणि पुन्हा त्याच्याजवळ आली. आता आवाज अगदी बारीक झाला होता.

“आणि रे झिला, ती हसायची ता? हातभर हिरवी काकणां? माका तिचा तोंडय आठवणा नाय. ता तरी खरां मां?”

गुरुप्रसादने ओसरीवरच्या फोटोकडे बघायचं टाळलं.

“व्हय,” तो म्हणाला.

“व्हय म्हाराजा!” मागून सगळे एका आवाजात गरजले.