सत्तर बायकांचं आवतण

चार वाजायला दहा मिनिटं होती आणि हॉलमधल्या अडीचशे खुर्च्यांवर मोजून चार माणसं बसली होती. त्यातला एक तर कॉलेजचा शिपाई. चंचल दाराशी उभी होती. तिला इतका आनंद झाला होता की तो लपवायला तिने ओढणी तोंडाशी धरली होती.

स्टेजवर भूपेंद्र माइक वर-खाली करत होता. आज त्याचा एकट्याचा गाण्याचा कार्यक्रम होता. पहिल्या रांगेत महेशभाई बसले होते. सुरतेत नवरात्रीला त्यांचा ऑर्केस्ट्रा गाजायचा आणि यंदा त्यांना नवा गायक हवा होता. गळा तर हवाच, पण पोरगा गर्दी ओढतो का, हे बघायला ते स्वतः आले होते. महेशभाईंनी दुसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. बघा बघा, नीट बघा, चंचल मनात म्हणाली.

मागच्या वर्षी याच हॉलमध्ये तिची आई गायली होती. लीलाबाई सुरतेच्या गोडादरा वस्तीत घरी बसून साड्यांना टिकल्या लावायच्या, पण खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी त्यांच्यासारखी अख्ख्या गल्लीत कोणी म्हणत नसे. चंचलने मोठ्या हौसेने कार्यक्रम ठरवला. प्रचार भूपेंद्रकडे होता. तोही खानदेशचाच, पण कॉलेजचं फाटक ओलांडलं की बेट्याला अहिराणी कळेनाशी व्हायची! त्याने एक पोस्टर कॅन्टीनच्या मागे चिकटवलं आणि बरोबर त्याच वेळेला मैदानावर डीजे ठेवला. सात माणसं आली. लीलाबाईंनी तरी अकराच्या अकरा गाणी म्हटली, एकही गाळलं नाही. भूपेंद्र दारातून डोकावला आणि हसत म्हणाला, "मावशी, हे तर घरीच म्हणायचं ना!"

परतताना बसमध्ये लीलाबाईंनी पिशवीतली साडी काढली आणि टिकल्या लावायला घेतल्या. चंचलच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला, आणि तो वर्षभर काही शमला नाही.

यंदा प्रचाराचं काम तिने मागून घेतलं आणि अशी राबली की विचारू नका. वादविवाद असो नाहीतर रांगोळी, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. तिची रीत साधी होती. वर्गावर्गात जायचं, एकेकीला नावाने हाक मारायची आणि सांगायचं, "तू ये गं, मी तुझी जागा धरते." पोस्टर बघून माणूस मान हलवतो, पाय हलवत नाही, हे तिला चांगलंच कळून चुकलं होतं.

म्हणून भूपेंद्रसाठी तिने नुसती पोस्टरं लावली. भिंत न् भिंत मढवून काढली, लिफ्टसुद्धा सोडली नाही. भूपेंद्र खूश! वर्गावर्गात मात्र ती गेली ती पाणीपुरी खाण्याच्या स्पर्धेचं सांगायला. स्पर्धा आजच, चारलाच, पलीकडच्या इमारतीत. जशास तसं.

सकाळी तिने हे सगळं आईला तिखटमीठ लावून सांगितलं होतं. लीलाबाई टिकल्या लावता लावता ऐकत राहिल्या. शेवटी, "कितला वाजता शे?" अशी फक्त वेळ विचारली आणि उठून बाहेर गेल्या.

चार वाजले. महेशभाई उठले, खिशातून गाडीची चावी काढली. भूपेंद्रचा चेहरा पांढराफटक पडला. आणि तेवढ्यात जिन्यावर एकच गलका झाला.

बायका आत आल्या. दहा, वीस, पन्नास, चांगल्या सत्तर. सगळ्या गोडादऱ्याच्या, दोन टेम्पो भरून आलेल्या, आणि सगळ्यांच्या पुढे लीलाबाई. सकाळी कुंकवाचा करंडा घेऊन त्यांनी घरोघर आवतण दिलं होतं. आवतणाचं कुंकू कपाळाला लागलं की खानदेशातली बाई हातातलं काम टाकून येते. न येणं म्हणजे नातं तोडणं.

चंचल दगडासारखी उभी राहिली. महेशभाई परत खाली बसले. भूपेंद्र गायला लागला, तसा बायकांनी ताल धरला. टाळ्या काय, "परत, परत" काय! तो दणका ऐकून पाणीपुरी सोडून पोरंही पळत आली. तासाभरात हॉल खचाखच भरला. महेशभाई शेजारच्या शिपायाला मोठ्याने म्हणाले, "छोकरो पब्लिक खेंचे छे!" नवरात्र पक्की झाली.

कार्यक्रम संपल्यावर भूपेंद्र स्टेजवरून उतरला. पहिल्या रांगेतल्या लीलाबाईंना त्याने पहिल्या गाण्यालाच ओळखलं होतं. तो वाकला, त्यांच्या पायांना हात लावला. मान वर करून बघायची तर त्याची छातीच झाली नाही.

लीलाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मोठा व्हय, बाबा. आम्ही शेतस ना ऐकाले," आपण ऐकायला आहोत असा त्यांनी धीर दिला.

चंचलला रडू आवरेना. तिने आईचा दंड धरला आणि तिला ओढतच बाहेर व्हरांड्यात आणलं.

"मम्मी, तू त्याला माफ केलंस? मी वर्षभर केलेलं सगळं मातीत घातलंस!"

"कसानी माफी, पोरी?" लीलाबाई पदर खोचत म्हणाल्या. "रिकामा हॉल तो आठ दिनमा भुली जाता. आते दर नवरातले माइक हातमा धरी, तव्हय त्याले पहिले मन्हं, या मावशीनं, तोंड दिखी."