दोरीवरचा चिमटा

समुद्रासमोरची खोली बघून ती हरखलीच. पहिली नोकरी, अनोळखी शहर आणि खिडकीभर लाटा! तिनं फोनवरून आत्यालाही दाखवल्या. "लाटा राहू देत, बाई. शेजारच्या गॅलऱ्या दाखव." गॅलऱ्यांतल्या दोऱ्या रिकाम्या होत्या. "सगळे सुट्टीपुरतेच येतात," दलाल म्हणाला. "मग एकटीला ताप चढला, तर दार कुणाचं ठोठावशील? लाटांचं?" आत्यानं विचारलं. मग दलालानं दाखवलेल्या मागच्या गल्लीतल्या खोलीतून समुद्र दिसत नव्हता. समोरच्या दोरीवर मात्र गणवेश, दुपटी, दवाखान्यातला पांढरा कोट वाळत होता. तरी तिचं मन लाटांतच होतं. चेहरा धुऊन तिनं ओला रुमाल गॅलरीतल्या दोरीवर टाकला, तोच समोरच्या आजी ओरडल्या, "अगं पोरी, उडेल तो!" त्यांनी फेकलेला चिमटा पायाशी पडला. "काय पडलं गं?" आत्यानं फोनवरून विचारलं. रुमालाला चिमटा लावत ती म्हणाली, "शेजार. ही खोली घेतेय."