चांदपाशाचं नाक

लातूर जिल्हा झाला, पण पाऊस काही नव्या पत्त्यावर आला नाही. गावाला विहिरीची जागा दाखवायचा मान आजवर निवृत्तीच्या तळहातावर उभ्या राहणाऱ्या नारळाचा. आता मात्र जो तो चांदपाशाच्या मागं. तो एक नाकपुडी दाबून दुसरीनं जमीन हुंगायचा. लोक म्हणत, "त्याच्या नाकातल्या केसाला ओल कळती."

निवृत्तीचा जळफळाट झाला. हुंगायला निघालेल्या चांदपाशाला त्यानं आपल्या ओसरीवर बसवून तपकीर दिली. "घ्या चाचा, नाक मोकळं व्हईल."

चांदपाशा असा शिंकला की पत्रे हलले. मागून आलेलं गाव ओरडलं, "नाकानं जागा दाखवली! पहारी आणा!"

ओसरी खणली. पाणी लागलं, तेही गोड.

दुसऱ्या दिवशी निवृत्तीच्या बायकोनं घागर उचलली. "आलेच हं, चांदपाशाच्या विहिरीवरून."