कापसामागचं दार

मुलगा मितालीला पसंत होता. अभिषेक बँकेत होता, मनमोकळं बोलायचा, आणि लग्नानंतर तिनं शाळेतली नोकरी सोडावी असं त्याच्या मनातही नव्हतं. आता तेवढं घर पाहायचं राहिलं होतं. यवतमाळहून आई-बाबांसोबत ती वणीला निघाली तेव्हा तिचा होकार जवळजवळ ठरलेलाच होता.

बैठकीत बसायला मात्र जागा शोधावी लागली. मागच्या भिंतीला लागून छातीभर कापूस रचलेला होता. त्या वर्षी ज्याच्या घरी जावं तिथं हेच. कापूस आला आणि भाव काही येईना. अभिषेकचे वडील सदाशिवराव कचेरीतून निवृत्त झालेले, पेन्शनवर सुखात. पण बटईनं कसायला दिलेल्या शेतातला आपला वाटा पडेल भावात द्यायला त्यांचा जीव होत नव्हता. गुडघ्याला गुडघे लावून खुर्च्या मांडल्या होत्या, आणि कापसातले किडे चावत असल्यानं पाहुणे चहा पिता पिता एकमेकांची नजर चुकवून पोटऱ्या खाजवत होते.

ढिगाच्या वर एका दाराची चौकट दिसत होती. वरची साखळी कोयंड्यात अडकवलेली होती.

"तिकडे खोली आहे?" मितालीनं विचारलं.

"अडगळ आहे," सदाशिवराव म्हणाले. "कापूस निघाला का झाडूनपुसून तुम्हा दोघायलेच देऊ."

मोठा मुलगा मंदार कोपऱ्यात बसून होता. त्याची बायको प्राची माहेरी गेल्याचं त्याच्या आईनं, इंदुताईंनी, आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. मितालीचा जरा हिरमोड झाला. सासरचं खरंखुरं काय ते जाऊच सांगते, म्हणून तिच्याशी दोन गोष्टी बोलायच्या तिनं ठरवल्या होत्या.

निघायची वेळ झाली. इंदुताईंनी मितालीच्या आईला पाटावर बसवलं, ओटीचं ताट पुढे ओढलं आणि हळदीकुंकू लावायला हात नेला, तर ताटात करंडाच नव्हता. मान न वळवता, सवयीनं, त्यांनी आत हाक मारली.

"प्राची, करंडा आण गं!"

"आणते, आई," कापसामागून आवाज आला.

इंदुताईंचा हात तोंडावर गेला. पलीकडे डबे, भांडी, काहीबाही धुंडाळल्याचा आवाज होत राहिला. मग दाराच्या फळ्या करकरल्या, साखळी ताणली गेली, आणि वरच्या फटीतून एक हात बाहेर आला. कापसातल्या किड्यांनी खाऊन खाऊन मनगटापर्यंत लाल झालेला. त्यात एकच काचेची बांगडी होती.

"करंडा सापडत नाही जी इथं," आतला आवाज ओशाळून म्हणाला. मग त्याच आवाजानं विचारलं, "भाव आला काय?"

"तिले बरं नाही जी," इंदुताई घाईघाईनं मितालीच्या आईला सांगू लागल्या. "बाळ गेलं तेव्हापासून डोक्यावर परिणाम झाला. वाट फुटल तिकडं निघून जाते. डॉक्टरनंच आराम सांगतला, कोणाशी बोलू देऊ नका म्हणे. मोरी आहे आत. जेवण मागच्या खिडकीतून देतो, उपाशी नाही ठेवत." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं. "सारखी दार वाजवायची. मग सांगतलं, कापूस विकला का उघडू. तेव्हापासून शांत आहे."

मितालीनं अभिषेककडे पाहिलं. तो कपात पाहत होता. कप कधीचा रिकामा झालेला होता. त्याला सगळं माहीत होतं तर! रोज संध्याकाळी फोनवर एवढं बोलला, वहिनीला पुस्तकांचं किती वेड आहे तेही बोलला, आणि हे तेवढं बोलला नाही. मितालीला त्याची चीड आली आणि स्वतःची लाजही वाटली. तो कापूस निघाला असता तर ती हसत हसत त्याच खोलीत राहायला आली असती.

"चाल बाई, निघू आपण," आई पाटावरून उठत तिच्या कानाशी म्हणाली. बाबा चपला शोधायला लागले होते. सोपंच होतं ते. दाराबाहेर पडायचं आणि उद्या नकार कळवायचा. कोणी नावं ठेवली नसती.

हात अजून फटीतच होता.

"भाव आला काय जी?" आतून पुन्हा विचारलं.

"आला, ताई," मिताली म्हणाली.

तिनं ओढणी कमरेला बांधली आणि दोन्ही हातांनी कापूस उपसायला सुरुवात केली. खुर्च्यांवर, चहाच्या कपांवर, ओटीच्या ताटावर, हाताला येईल तसा ती मागे फेकत गेली. मंदार उठून उभा राहिला. कोणाला हात लावावा, तिला की कापसाला, हे त्याला ठरवता येईना.

सदाशिवराव तेवढे धावले. वाकून, जमिनीवर पसरलेला कापूस ते दोन्ही हातांनी छातीशी गोळा करू लागले.

"अगं पोरी, कायले मळवून राह्यली?" ते कळवळून म्हणाले. "किती जपला आम्ही! एक डाग नाही लागू दिला."